टपावरून कनू न्यायची आहे? कॅरियर घेण्याआधी हे वाचा

गोव्यात साखळीला विठ्ठलापूरच्या घाटावर त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या नौका सोडतात. त्या बघत वाढलेल्या माणसाने मोठेपणी स्वतःची होडी घेतली तर नवल नाही. नवल याचे, की ती होडी घरापासून पाण्यापर्यंत न्यायची कशी, हा विचार तो होडी अंगणात येऊन पडल्यावर करतो. माझे नेमके हेच झाले. माझी कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची उघडी, निमुळती होडी, जुनी, फायबरची, १६ फुटी. गाडी ४ मीटरच्या आतली साधी हॅचबॅक. पहिले कॅरियर मी दुकानदाराच्या शब्दावर घेतले आणि ते दोन महिन्यांत काढावे लागले. दुसरे मोजमाप करून घेतले, ते अजून वापरात आहे.

पहिल्याचे काय झाले ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे मुद्दे त्यातूनच निघतात. दिवाडी बेटावर जायचे म्हणून मी आणि माझा भाचा नार्वेच्या धक्क्यावर गेलो. गाडी उतारावरून फेरीबोटीच्या लोखंडी फळीवर चढताना नेहमीचा हिसका बसला आणि वर काहीतरी करकरले. पलीकडे उतरल्यावर भाचा म्हणाला, "मामा, ही पट्टी उचकटलीय बघ." टपावरची जी चंदेरी रेल मी मजबूत समजत होतो, तिचे पुढचे टोक बोटभर वर आले होते आणि खाली दुहेरी चिकटपट्टीचा गोंद फणसाच्या चिकासारखा तार धरून ताणला होता. ती रेल शोभेची होती. तिच्यावर मी कॅरियर कसले होते, कॅरियरवर कनू बांधली होती, आणि हे सगळे घेऊन साखळीहून डिचोलीमार्गे सुखाने आलो होतो. कनू पडली नाही, ती केवळ पुढच्या-मागच्या दोरांमुळे.

म्हणून माझे सांगणे असे, की कॅरियर ही सर्वांत शेवटी विकत घ्यायची वस्तू आहे. आधी टप, मग होडी आणि मग कॅरियर, हा क्रम उलटला की पैसे दोनदा जातात.

१. आधी ही कागदपत्रे आणि साधने हाताशी घ्या

गाडीसोबत मिळालेली मालकाची पुस्तिका, नोंदणी प्रमाणपत्र आणि विम्याची पॉलिसी ही तीन कागदपत्रे काढून ठेवा. पुस्तिका हरवली असेल, तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती मिळते. मात्र आपल्याच मॉडेलची आणि आपल्याच वर्षाची उतरवून घ्यावी, कारण नाव तेच ठेवून गाडीचा टप बदललेला असतो. साधनांत ५ मीटरची मोजटेप, घरचा वजनकाटा, टपावर खुणा करायला कागदी चिकटपट्टी आणि एक वही पुरते.

२. टप कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

कॅरियर टपाला कोठे धरून राहणार, हा पहिला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर गाडीगणिक बदलते.

जुनी अँबेसेडर, ओम्नी किंवा जिप्सी यांच्या टपाच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी पत्र्याची पन्हळ असते. या पन्हळीत कॅरियरचे पाय अडकवून खालून पकड आवळायची, इतके ते सोपे असते, आणि कॅरियरचे दोन आडवे दांडे एकमेकांपासून हवे तितके लांब ठेवता येतात. अशी गाडी घरात असेल आणि पन्हळ गंजलेली नसेल, तर कनूसाठी याहून चांगला टप मिळणार नाही, असे माझे मत आहे. बहुतेक नव्या गाड्यांत पन्हळ राहिलेली नाही.

दुसरा प्रकार उंच रेलचा. टपाच्या दोन्ही बाजूंना पुढून मागे जाणाऱ्या नळ्या असतात आणि नळी व टप यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट असते. तिसऱ्या प्रकारात रेल असते, पण ती टपाला लागून बसलेली आणि फट नसलेली. तिला वेगळ्या आकाराची पकड लागते. चौथ्या प्रकारात टपावर काहीच नसते. तेथे कॅरियरचे पाय दरवाजाच्या वरच्या चौकटीत आकडा अडकवून बसतात आणि हा आकडा त्या एकाच मॉडेलच्या वळणाला जुळेल असा घडवलेला असतो. काही गाड्यांत टपाच्या पट्टीवर लहानशी झाकणे असतात आणि ती उघडली की आत कॅरियर बसवण्यासाठी कारखान्यातूनच दिलेले आटे दिसतात. आटे असतील तर दुसरे काही शोधू नका.

शेवटचा प्रकार माझ्या नशिबी आलेला, म्हणजे शोभेची रेल. गाडी दणकट दिसावी म्हणून ती लावलेली असते आणि प्लॅस्टिकची किंवा पातळ पत्र्याची असून चिकटपट्टीवर, फार तर दोन-चार क्लिपांवर उभी असते. ती ओळखायची कशी? रेलचे टोक अंगठ्याने वर दाबून पाहा. जरा जरी हलले तर विषय संपला. नखाने टिचकी मारून आवाज प्लॅस्टिकचा किंवा पातळ पत्र्याचा येतो का ते ऐका. मात्र न हलणारी रेलसुद्धा शोभेची असू शकते, म्हणून निर्णय पुस्तिकेवरच घ्या. तेथे रेलवर भार ठेवू नये असे लिहिले असेल, किंवा टपावरच्या भाराचा उल्लेखच नसेल, तर सेवा केंद्राकडून लेखी खुलासा मागा. तोंडी "चालते हो, सगळे लावतात" हे उत्तर मलाही मिळाले होते.

३. टपाची वजनमर्यादा शोधा आणि तिच्यातून वजाबाकी करा

पुस्तिकेत टपावर किती भार चालतो याचा आकडा दिलेला असतो. लहान आणि मध्यम गाड्यांत तो बऱ्याचदा ५० ते ७५ किलोंच्या दरम्यान असतो. काही गाड्यांत टपावर काहीच ठेवू नये असे स्पष्ट लिहिलेले असते. हा आकडा धावत्या गाडीसाठी असतो. उभ्या गाडीच्या टपावर दोन माणसे चढली तरी पत्रा वाकत नाही, हे पाहून पुष्कळ लोक फसतात. धावताना खड्डा, गतिरोधक, वळण आणि करकचून मारलेला ब्रेक यांच्या हिसक्यांनी तेच वजन कितीतरी पटींनी जोर लावते.

त्या आकड्यात कॅरियरचे स्वतःचे वजनही धरायचे असते. समजा मर्यादा ५० किलो आहे. दोन दांडे आणि चार पाय मिळून ६ किलो, होडी अडवणारे कंस व पट्टे ३ किलो. उरले ४१. त्यात ३० किलोंची कनू बसते. पण तिच्या शेजारी मित्राचा २५ किलोंचा कयाक (कनूहून अरुंद होडी) ठेवला की बेरीज ६४ होते आणि विषय मर्यादेबाहेर जातो, मग दांडे कितीही लांब-रुंद असोत. कॅरियरच्या खोक्यावर ७५ किलो छापले आहे, म्हणून टप ७५ किलो पेलतो असे होत नाही. टप, कॅरियर आणि दोघांना जोडणारी पकड यांच्यातला सर्वांत लहान आकडा हीच तुमची मर्यादा. शिवाय टपावरचे वजन गाडीच्या एकूण भारातही मोजले जाते. मागे तिघे बसलेले आणि डिकी भरलेली असताना टपावर ४० किलो चढवणे हा वेगळा हिशेब आहे.

४. होडीचे माप स्वतः घ्या

विकणाऱ्याने सांगितलेले वजन बहुधा कारखान्यातून निघालेल्या कोरड्या होडीचे असते. डागडुजीचे थर, नवी बैठक, तळाशी भिजलेला फोम यांमुळे जुनी होडी जड होते. वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग कोणाच्या मदतीने कनू खांद्यावर तोलून पुन्हा उभे राहा आणि फरक लिहा. माझी कनू २७ किलोंची म्हणून मिळाली होती. काट्यावर ३३ भरली.

साच्यातल्या जाड प्लॅस्टिकच्या १६ फुटी कनूचे वजन ३५ ते ४० किलोंपर्यंत सहज जाते. दोन माणसांचा, वर बसून वल्हवायचा कयाक ३० किलोंच्या आसपास असतो. आपल्या गावाकडची कोरीव किंवा फळ्यांची लाकडी होडी मात्र कोणत्याही कारच्या टपाचे काम नाही. तिच्यासाठी छोटा हत्ती टेम्पो भाड्याने सांगावा. खरे तर वर्षातून तीन-चार वेळाच पाण्यावर जाणार असाल, तर प्लॅस्टिकच्या कनूलाही तोच मार्ग स्वस्त पडेल. हवा भरायची कयाक डिकीत मावते, हेही येथे नमूद करून ठेवतो, जरी मला स्वतःला ती वाऱ्यावर भरकटते म्हणून आवडत नाही.

लांबीबरोबर रुंदीही मोजा. कनू मध्यभागी साधारण ९० सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे एक कनू बहुतेक टपांवर आरामात बसते आणि दोन शेजारी-शेजारी जवळपास कोठेच बसत नाहीत. दोन नेता याव्यात म्हणून गाडीच्या बाजूंबाहेर येणारे दांडे घेऊ नका.

५. दोन दांड्यांमधले अंतर: ज्याकडे कोणी पाहत नाही ते माप

दुकानात सगळे लक्ष दांडा किती जाड आहे याकडे असते. लांब होडीसाठी त्याहून महत्त्वाचे आहे ते पुढच्या आणि मागच्या दांड्यामधले अंतर. फळी दोन विटांवर ठेवून पाहा: विटा जवळ आणल्या की फळीचे टोक बोटाने दाबले तरी दुसरे टोक उचलते. कनूचेही तसेच. दांडे जवळ असले, की समोरून येणारा वारा पुढच्या टोकाला वर उचलतो आणि त्याचा सगळा जोर पुढच्या दोन पायांच्या पकडीवर येतो.

आपल्याकडे ४ मीटरच्या आतल्या गाडीला करात सवलत असल्याने असंख्य गाड्या त्या मापात कोंबून बसवलेल्या असतात आणि त्यांचा टप आखूड असतो. टप उघडा असेल आणि पाय दरवाजांच्या चौकटीतच बसणार असतील, तर अंतर वाढवायला वाव जवळजवळ नसतो. पुस्तिकेत दिलेल्या खुणांवरच पाय बसवावे लागतात. दुकानात जाण्यापूर्वी या खुणा शोधा, तेथे कागदी चिकटपट्टी लावा आणि दोन पट्ट्यांमधले अंतर मोजा. माझ्या अनुभवात ७० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतरावर १६ फुटी कनू नेऊ नये. ९० ते १०० मिळाले तर निर्धास्त व्हावे. माझ्या गाडीवर ७६ मिळाले, म्हणून मी पुढच्या-मागच्या दोरांबाबत जास्त कडक आहे.

याच वेळी आणखी तीन गोष्टी तपासा. सनरूफ असेल तर दांडे बसल्यावर ते उघडते का? टपावरचा अँटेना होडीच्या पोटाला लागतो का? आणि होडी बांधलेली असताना डिकीचे दार किती वर जाते? माझ्या गाडीचे दार अर्धे उघडते, म्हणून वल्ही आणि तरंगजाकिटे मागच्या आसनावर ठेवावी लागतात.

६. दांडे आणि पाय निवडा

चौकोनी पोलादी दांडे स्वस्त आणि भक्कम असतात, पण वेगात शीळ घालतात. विमानाच्या पंखासारख्या आकाराचे ॲल्युमिनियमचे दांडे महाग, हलके आणि शांत असतात, आणि त्यांच्या वरच्या खाचेत कंस सरकवून कोठेही आवळता येतात. टपाची मर्यादा ५० किलो असेल, तर कॅरियरच्या वजनात वाचवलेला प्रत्येक किलो मोलाचा आहे, म्हणून मी ॲल्युमिनियमच्या बाजूने झुकतो.

गोव्यात मात्र प्रश्न गंजाचा आहे. खारा वारा, खाडीचे पाणी गळणारी होडी आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे पोलादावरचा काळा रंग एका मोसमात हार मानतो. गंज नेहमी कापलेल्या टोकांपासून आणि बोल्टच्या छिद्रांपासून सुरू होतो. टोकांना रबरी बुच आहे का आणि ते काढल्यावर आतही रंग आहे का, ते बघा. ॲल्युमिनियम गंजत नाही असे म्हणतात, पण त्यात स्टेनलेसचा बोल्ट खाऱ्या ओलाव्यात महिनोन् महिने राहिला, की भोवती पांढरी भुकटी धरून बोल्ट अडकून बसतो. बसवतानाच आट्यांना ग्रीस लावा.

डिचोली, साखळी, सत्तरीकडच्या वाचकांसाठी एक खास सूचना. आपल्याकडची तांबडी धूळ पायांखालच्या रबरी गादीत शिरते आणि गाडी हलताना पॉलिश पेपरसारखी रंगावर घासते. माझ्या टपावर चार ठिकाणी रुपयाएवढे मंद डाग आहेत ते यामुळेच. पाय बसवण्यापूर्वी ती जागा धुऊन कोरडी करा आणि महिन्यातून एकदा पाय सोडवून पुन्हा पुसा.

गावातल्या वेल्डरकडून कोनाच्या पट्टीचे कॅरियर करून घेण्याचा मोह सर्वांना होतो. मला त्या कारागिरांविषयी आदर आहे, पण असे कॅरियर बऱ्याचदा एकटेच २० किलोंपर्यंत जाते आणि अर्धी मर्यादा त्यातच संपते. सामानासाठी मिळणारी टोपलीसारखी कठड्याची कॅरियरही कनूला निरुपयोगी आहेत, कारण कठडाच होडीच्या काठांत रुततो.

७. होडी दांड्यांवर कशी बसणार ते ठरवा

कनू पालथी न्यायची. तिचे दोन्ही काठ सरळ दांड्यांवर टेकतात, पावसाचे पाणी आत साचत नाही आणि वाराही कमी धरतो. काठ बाजूला सरकू नयेत म्हणून दांड्यावर काठाला लागून बसणारे कोनासारखे चार कंस मिळतात; कनूसाठी एवढी एक वस्तू मी आवर्जून घ्यायला सांगेन. बजेट नसेल तर काठावर चिरून बसवायचे फोमचे ठोकळे घ्या, पण ते पावसात ओल्या टपावर घसरतात हे लक्षात ठेवा.

कयाकचे गणित वेगळे. त्याच्यासाठी इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचे पाळणे मिळतात, ज्यांत तो कुशीवर उभा राहतो आणि जागा कमी घेतो. प्लॅस्टिकचा कयाक सपाट तळावर ठेवून उन्हात आवळला, तर दांड्यांच्या जागी तळाला खळगे पडतात. मेच्या दुपारी काळ्या टपावर तापलेले प्लॅस्टिक किती मऊ होते, याचा अंदाज हात लावल्यावरच येतो. गाडी उभी केली की पट्टे एक पेर सैल करा आणि निघताना पुन्हा आवळा.

दारांतून आतून पट्टे ओवायची फुग्याची कॅरियरे भाड्याच्या गाडीला सोयीची वाटतात. पावसात तेच पट्टे पाणी शोषून आसनावर ठिबकत राहतात. शिवाय भाड्याच्या गाडीच्या मालकाची परवानगी न घेता टपावर काहीही चढवू नका.

८. पट्टे आणि दोर: येथे कंजुषी नको

होडी दांड्यांना बांधण्यासाठी दोन पट्टे लागतात, प्रत्येकी साधारण ४ मीटर लांब आणि दाबून धरणाऱ्या साध्या बकलाचे. ट्रकवाले वापरतात ते खटक्याचे रॅचेट पट्टे टाळा. त्यांनी इतका ताण बसतो, की फायबर तडकते आणि प्लॅस्टिक दबते, आणि ते आपल्याला हाताला कळत नाही. सायकलच्या कॅरियरला लावतात ते रबरी आकडे तर मुळीच नकोत. पट्टा ओढून बकल लागेल तेथे रंगावर आपटू नये म्हणून बकलाखाली जुन्या ट्यूबचा तुकडा असावा. पट्ट्याला वरच्या भागात एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात भुंग्यासारखा गुणगुणतो.

यानंतर पुढच्या आणि मागच्या टोकाचे दोर. पुष्कळ लोक ते ऐच्छिक समजतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ४० वरून ८० वर गेलात की तो दुप्पट नव्हे, चौपट होतो, आणि पणजीच्या अटल सेतूवर किंवा झुवारीच्या पुलावर आडवा वारा लागला की कनू शिडासारखी वागते. दोर नायलॉनचा घेऊ नका, तो भिजला की ताणतो, पॉलिएस्टरचा घ्या. म्हापशाच्या बाजारात किंवा मासेमारीचे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात ८ मिलिमीटरचा मिळतो.

दोर बांधायचा कशाला, हा नव्या गाड्यांचा खरा त्रास आहे, कारण बंपर प्लॅस्टिकचे असतात. बॉनेट उघडून आतल्या बाजूच्या मजबूत बोल्टखाली पट्ट्याचा फास बसवायचा आणि बॉनेट बंद केल्यावर तो फास बाहेर काढायचा, ही युक्ती सर्वांत सोयीची. मागे गाडी ओढण्यासाठी दिलेला आकडा वापरता येतो. पुढचे दोर उलट्या व्ही आकारात दोन बाजूंना न्या, म्हणजे टोक डावी-उजवीकडे डोलत नाही. उरलेला दोर चाकाशी लोंबकळू देऊ नका.

९. कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील दोन कलमे येथे लागू पडतात. कलम १९४ (१अ) प्रमाणे भार गाडीच्या बाजूंबाहेर, किंवा पुढे, मागे अथवा उंचीत परवानगीच्या मर्यादेबाहेर गेला, तर २०,००० रुपये दंड आणि भार उतरवण्याचा खर्च चालकाकडून घेतला जातो. १६ फुटी कनू म्हणजे जवळजवळ ४.९ मीटर, ४ मीटरच्या गाडीवर ती सुमारे ९० सेंटिमीटर बाहेर राहणार, हे उघड आहे. आपल्या गाडीला पुढे-मागे किती चालेल, हे मोजमापाचा कागद घेऊन जवळच्या वाहतूक कार्यालयात विचारा, आणि होडी अजून घ्यायची असेल तर १३-१४ फुटांचीच घ्या. मागच्या टोकाला लाल कापड बांधाच. पत्रादेवी किंवा पोळेच्या नाक्यावरून राज्याबाहेर जाणार असाल तर नक्कीच.

कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांविषयी आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ कडक लावला. म्हणून टपाला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून कायमचे बसवलेले कॅरियर टाळा. दहा मिनिटांत काढता येणारे घ्या आणि होडी नसेल तेव्हा काढूनच ठेवा. विमा कंपनीला कॅरियर बिगर-विद्युत जोडसाधन म्हणून कळवा. त्यासाठी पक्के बिल लागते.

१०. दुकानात जाताना

वहीत आता पाच नोंदी असतील: टपाचा प्रकार, वजनमर्यादा, होडीचे वजन व रुंदी, खुणांमधले अंतर, आणि गाडीचे मॉडेल व वर्ष. थुलेसारख्या परदेशी कंपनीचा माल घेणार असाल, तर पाय, दांडे आणि मॉडेलला जुळणारा संच असे तिन्ही स्वतंत्रपणे घ्यावे लागतात, आणि केवळ भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांची नावे त्यांच्या यादीत असतीलच असे नाही. "दुसऱ्या गाडीचा संच थोडा वाकवून बसवतो" असे कोणी म्हटले, तर तेथून निघा. किंमत ठरवण्यापूर्वी बसवून दाखवायला सांगा, दांडा दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. गाडी डोलली पाहिजे, दांडा नव्हे. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा सूचनापत्रकात असतो, ते पत्रक आणि चावी घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

११. पहिली फेरी

पहिल्यांदा घराच्या अंगणातच चढवून पाहा. मागच्या काचेवर गोणपाट किंवा जुनी चटई टाका, कनूचे पुढचे टोक मागच्या दांड्यावर टेकवा आणि मागून ढकलत न्या. दोघे असाल तर कमरेला झटका बसत नाही. पट्टे, कंस, पुढचे दोर, मागचे दोर, असा क्रम कायम ठेवा. शेवटी होडीचे टोक धरून हलवा.

पहिल्या ५ किलोमीटरवर थांबून सगळे पुन्हा आवळा, कारण पट्टे बसतात आणि सैल होतात. वेग मी ताशी ६० च्या वर नेत नाही. गावच्या रस्त्यांवर खाली आलेल्या विजेच्या आणि केबलच्या तारा, कुंपणाबाहेर झुकलेल्या फणसाच्या फांद्या आणि भूमिगत पार्किंगचा उंचीचा दांडा, हे तिन्ही आपण एरवी पाहत नाही. उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. गाडी माडाखाली उभी करू नका. टपावर नारळ पडला तर पत्रा वाकतो, कनूवर पडला तर भोक पडते.

फेरीबोटीवर मागचे टोक बरोबर उभ्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर येते आणि स्कूटरवाले गाडीला खेटून उभे राहतात. म्हणून चढण्यापूर्वीच फेरीवरच्या कर्मचाऱ्याला सांगून शेवटची जागा मागून घ्यावी. मी कनूच्या टोकाला टेनिसचा जुना चेंडू चिरून बसवला आहे.

परत आल्यावर कनूबरोबर दांडे, पाय आणि बकले गोड्या पाण्याने धुवा. पट्ट्यांच्या कडांना सुताचे केस सुटू लागले की ते उन्हाने कुजले आहेत असे समजून बदला. मे महिन्याच्या अखेरीस नद्यांना पाणी चढण्यापूर्वी मी सगळे कॅरियर उतरवतो, बोल्टना ग्रीस लावून पोत्यात बांधतो आणि माळ्यावर ठेवतो. पोत्यावर बोल्टच्या चावीचा क्रमांक रंगाने लिहिलेला आहे, कारण पहिल्या वर्षी ती चावी शोधण्यात माझी अख्खी दिवाळी गेली होती.